तक्रारीला जागा नाही

आमच्या घरात विशेषणांना बंदी होती. तसं कुणी कधी जाहीर केलं नव्हतं, पण होती.

बाबा हडपसरच्या एका कारखान्यात फिटर होते आणि तिथल्या कामगार संघटनेची पत्रकं तेच लिहायचे. रविवारी सकाळी स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी उभं राहून लिहायचे, कारण बसून लिहिलं की भाषा सैल पडते असं त्यांचं मत. मी आणि धाकटी खाली फरशीवर बसून छापून आलेल्या पत्रकांच्या घड्या घालायचो. 'निलंबन', 'दुसरी पाळी', 'जाहीर निषेध' हे शब्द मला 'कमळ' आणि 'बदक' यांच्या आधी वाचता यायला लागले. 'दाद' हा शब्द तर आमच्याकडे फक्त मागण्यासाठी असायचा, द्यायची कुणाची पद्धत नव्हती.

बाबांचे नियम साधे होते. काय झालं, कुठे झालं, कुणी केलं, आम्हाला काय हवं. संपलं. मी शाळेत असताना एकदा मोठ्या उत्साहाने सुचवलं की इथे 'अमानुष' असा शब्द घाला. बाबा म्हणाले, "पाळीभर प्यायला पाणी नव्हतं, एवढंच लिहिलं की वाचणारा स्वतःच म्हणेल अमानुष. तो शब्द त्याचा आहे. त्याला ठेव."

कौतुकाबद्दल त्यांना जास्तच संशय होता. कारखान्यात कौतुक वरून यायचं, आणि त्याच्या मागून काहीतरी यायचं. एका वर्षी त्यांच्या विभागाला 'उत्कृष्ट विभाग' म्हणून ढाल मिळाली आणि लगेच त्या विभागातली माणसं कमी केली गेली. ती ढाल कुणालाच घरी न्यायची नव्हती, म्हणून ती आमच्याकडे आली. आई तिच्यावर गरम कुकर उतरवून ठेवते, अजूनही.

अशा घरात वाढल्यावर माझं काय होणार? कॉलेजात असताना मी सत्कार समारंभांविरुद्ध एक पत्रक काढलं होतं आणि ते एका सत्कार समारंभातच वाटलं होतं. आमच्या गाडीतळाच्या चौकातल्या फ्लेक्सवर कुणी 'कार्यसम्राट' दिसला की माझं डोकं अजून फिरतं. कुणाचं तोंडावर चांगलं बोलायचं म्हटलं की मला वाटतं, आपण काहीतरी विकतोय. घरात कुणाचं काही फारच चांगलं झालं, तर बाबा ते दोनदा वाचून म्हणतात, "यात काढण्यासारखं काही नाही." याच्या वरची पायरी आम्हाला माहीत नव्हती.

धाकटीला हीच पायरी नोकरीतही भेटली.

ती जुने कागद दुरुस्त करते. लहानपणी घड्या घालताना फाटलेली पत्रकं टाकून द्यायला तिचा जीव व्हायचा नाही. भाताची शितं लावून ती चिकटवत बसायची. केमिस्ट्री घेऊन पदवीधर झाली आणि डेक्कनच्या बाजूला एका संस्थेच्या प्रयोगशाळेत लागली. तिथे हस्तलिखितं, जुनी वर्तमानपत्रं, नकाशे असं सगळं येतं. कसर लागलेलं, वाळवीनं खाल्लेलं, कुणीतरी प्रेमाने सेलोटेप लावून वाटोळं केलेलं. मऊ ब्रश, पातळ खळ, टिपकागद आणि प्रचंड संयम, एवढ्यावर ते काम चालतं.

प्रयोगशाळेच्या प्रमुखांना सगळे नुसतं 'बाई' म्हणतात. पांढरे केस, सुती साडी, गळ्यात दोरीला अडकवलेलं भिंग. चार वर्षांत त्यांनी धाकटीच्या कामावर जे काही भाष्य केलं, त्यातलं सर्वांत लांब वाक्य "चालेल" हे होतं. ज्या दिवशी ते मिळायचं त्या दिवशी धाकटी दारात चपला काढता काढताच ओरडायची, "आई, आज चालेल मिळालं!" आई मग तिला भाजी जरा जास्त वाढायची.

गेल्या हिवाळ्यात कळलं की प्रयोगशाळेचं अनुदान मार्चमध्ये संपतंय. बाई निवृत्त होणार, दोन टेबलं राहणार, धाकटीचं टेबल त्यात नव्हतं. या कामाच्या जागा पुण्यात आहेत तरी किती? तिच्याबरोबरची एक मुलगी आधीच मगरपट्ट्यातल्या कॉल सेंटरात हेडफोन लावून बसली होती. धाकटीही बसली असती. तिनं तसं बोलायलाही सुरुवात केली होती, आणि ती ज्या शांतपणे बोलायची त्यानं मला रडू यायचं.

मग तिला इंग्लंडमधल्या एका कार्यशाळेचा पत्ता लागला. वर्षभराचं शिक्षण, राहण्याजेवणाची सोय त्यांची, आणि जगभरातून निवडून थोडीच माणसं घेणार. शिकून आल्यावर ती कुठल्याही मोठ्या संग्रहालयाच्या दारात उभी राहू शकली असती. तिनं तिच्या कामाचे फोटो पाठवले. आता फक्त एक गोष्ट राहिली होती. ज्यांच्या हाताखाली काम केलं, त्यांचं मत त्यांनी स्वतः लिहून थेट तिकडे पाठवायचं.

एका शुक्रवारी संध्याकाळी धाकटी आली ती चपलांसकट घरात.

"बाईंनी लिहिलं!"

"दाखवलं तुला?" मी विचारलं. "असं दाखवतात का?"

"म्हणाल्या, मागून बोलायची मला सवय नाही. वाचून दाखवलं. बाबा, टीव्ही बंद करा ना."

बाबांनी टीव्ही बंद केला. आई पिठाच्या हातांनी दारात आली. धाकटी सरळ उभी राहिली आणि तिनं पाठ केलेलं इंग्रजी म्हणून दाखवलं. हर वर्क इज सॅटिस्फॅक्टरी. मग आईसाठी मराठीतून, "तिचं काम समाधानकारक आहे. गेल्या वर्षात मला ते परत करावं लागलेलं नाही. तक्रारीला जागा नाही."

बाबांनी चष्मा काढला, पुसला.

"तक्रारीला जागा नाही," ते हळूच म्हणाले. "असं लिहिलं?"

"हो. असंच."

"सही केली?"

"सोमवारी करतील. लिहिलेलं दोन दिवस ठेवून देतात त्या. मुरायला."

"जबाबदार बाई आहे," बाबा म्हणाले.

आईनं शिरा केला. मी दोनदा घेतला. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण पुढे मी जी शहाणी ठरले ती त्या संध्याकाळी मुळीच नव्हते. त्या वाक्यात काही कमी आहे असं आम्हा चौघांपैकी कुणालाही वाटलं नाही. आमच्या दृष्टीनं बाईंनी आभाळाला हात लावला होता.

मी अधूनमधून वर्तमानपत्रात लिहिते आणि स्वारगेटजवळच्या एका छोट्या प्रकाशनात काम करते. शनिवारीही असतं. त्या दिवसांत मी कॉलेजच्या मुलांसाठी एक पुस्तिका लिहीत होते, सारखे वाटणारे पण सारखे नसणारे इंग्रजी शब्द. मुलाखतीला जाणारी मुलं हे शब्द मूठभर घेऊन वाक्यात टाकतात, म्हणून संपादकांची ही कल्पना. आणि त्या शनिवारी नेमका माझ्या टेबलावर कौतुकाचा गट आला होता. ज्या घरात कुकर ढालीवर उतरतो, त्या घरातल्या मुलीकडे.

मला वाटलं होतं, हे सगळे एकाच माळेचे मणी असणार. पण जसजशी वाक्यं लिहीत गेले तसतशी मला मजा यायला लागली. प्रेज म्हणजे चांगलं आहे असं तोंडानं बोलणं. बोललं नाही तर ते प्रेज नाही. अ‍ॅडमायर मात्र मनातल्या मनात करता येतं, वर्षानुवर्षं, आणि समोरच्याला पत्ताही लागत नाही. कॉम्प्लिमेंट छोटं असतं, समोरच्याला बरं वाटावं म्हणून दिलेलं. साडी छान आहे, आमटी झकास झाली. ते खरंही असू शकतं, पण त्यावर कुणी घर बांधत नाही. फ्लॅटर म्हणजे तेच, पण देणाऱ्याचं लक्ष घेणाऱ्याच्या खुर्चीवर. अप्लॉडला टाळी लागते आणि टाळीला गर्दी. अप्रिशिएट करायला आधी ती गोष्ट कळावी लागते, तिचं मोल आतून माहीत असावं लागतं. हा खरं तर मानी शब्द, पण कस्टमर केअरवाल्यांनी त्याची पार रया घालवली. फोनवर कुणी आपला संयम अप्रिशिएट करायला लागलं की समजायचं, अजून अर्धा तास ही धून ऐकायची आहे.

कमेंडपाशी मी अडले. त्याची जागा कोरी ठेवली आणि पुढे गेले.

गटाच्या शेवटी एक चौकट होती. 'हे शब्द कौतुकाचे वाटतात, पण सांभाळा.' त्यात मी सॅटिस्फॅक्टरीसमोर लिहिलं, 'कुणाची शिफारस करताना हा शब्द वापरला, तर वाचणाऱ्याला एवढंच कळतं की या व्यक्तीबद्दल सांगण्यासारखं काही नाही.' लिहिलं आणि चहाला उठले. चहाचा पहिला घोट घेतला. वाक्य चांगलं जमलंय, असा विचार करत होते.

मग माझ्या हातातला कप तसाच राहिला.

मी परत टेबलाशी जाऊन माझंच वाक्य वाचलं. इंग्लंडातल्या त्या गावातलं कुणीतरी माझ्या डोळ्यांपुढे आलं. त्यांच्यापुढे ढीगभर कागद आहेत. प्रत्येकात कुणीतरी असामान्य आहे, कुणीतरी विलक्षण आहे. आणि मध्येच एक पुण्याचा कागद, तिचं काम समाधानकारक आहे, तक्रारीला जागा नाही. त्यांनी तो कागद सभ्यपणे बाजूला ठेवला. त्यांचाही दोष नाही.

घरी येऊन सांगितलं तेव्हा धाकटीनं आधी विश्वास ठेवला नाही. मी तिला पुस्तिकेचं पान दाखवलं. ती पलंगावर बसली.

"मी जाते बाईंकडे," मी म्हणाले. "उद्या."

"वेडी आहेस का? काय सांगणार? माझ्या बहिणीचं जरा जास्त कौतुक करा?"

"ते पत्र तसंच गेलं तर हातातून जाईल सगळं."

"जाऊ दे. मागून घेतलेलं कौतुक मला नको, ताई."

हे वाक्य मीच तिला शिकवलं असणार. बाबा कोपऱ्यात पेपर वाचत होते. वाचत नव्हते, नुसता धरला होता.

"कौतुक मागू नको," ते पेपरच्या मागून म्हणाले. "काय झालं ते लिहा, एवढं माग. ही मागणी आहे. मागणीची लाज कसली?"

धाकटीनं उशी मांडीवर ओढून घेतली. मग म्हणाली, "जा. पण माझं नाव काढू नकोस."

"मग कुणाचं काढू? शेजारणीचं?"

तिनं उशी फेकून मारली. मी ती परवानगी समजले.

बाई टिळक रस्त्याच्या आतल्या गल्लीत तिसऱ्या मजल्यावर राहतात. रविवारी सकाळी मी बेल वाजवली. त्यांनी लाकडी दार उघडलं, जाळीचं उघडलं नाही.

"कोण आपण?"

मी कुणाची बहीण ते सांगितलं.

"ती आजारी आहे का?"

"नाही."

"मग आपण कशाला आलात?"

मी सांगितलं. जाळीतूनच सांगितलं, एका दमात, शेवटी माझी पुस्तिकेची पानंही जाळीला लावून दाखवली. बाईंनी पूर्ण ऐकून घेतलं आणि मग कडी काढली.

"चहा घेणार, की भाषण अजून बाकी आहे?"

घर स्वच्छ, उजेडाचं. त्या माझ्यासमोर बसल्या. राग आला होता, पण त्यांच्या रागालाही इस्त्री होती.

"समाधान ही लहान गोष्ट आहे का?" त्यांनी विचारलं. "माझं समाधान झालं असं मी आजवर किती जणांबद्दल लिहिलंय, माहीत आहे?"

"मला कळतं, बाई. आम्ही घरी शिरा केला."

"शिरा?"

"तुमचं वाक्य ऐकून. आईनं. सगळ्यांनी खाल्ला."

बाईंच्या ओठाचा कोपरा किंचित हलला. मी तेवढ्यात पुढे रेटलं. "पण तिकडे कुणी शिरा करणार नाही. ते कागद बाजूला ठेवतील."

"मग काय लिहू? एक्सलंट? आउटस्टँडिंग? चौकातल्या फ्लेक्ससारखं, कार्यसम्राज्ञी?"

"नको! अजिबात नको," मी जवळजवळ ओरडलेच. फ्लेक्सवरून कुणीतरी मलाच बोलतंय, हे पहिल्यांदाच होत होतं.

बाईंनी भिंग डोळ्याला लावून माझी पानं वाचायला घेतली. "इथला स्वल्पविराम काढा," एवढं आधी म्हणाल्या. मग एकेक शब्द.

"कॉम्प्लिमेंट. हा मी कुणाकडे जेवायला गेले की वापरते, आमटी कशीही असली तरी. फ्लॅटर. यावर मी पूर्ण प्रबंध लिहून देईन, संस्थेत भरपूर उदाहरणं आहेत. अप्लॉड. मी काय नाटकाला बसलेय? अप्रिशिएट. हं. हा बरा आहे." त्या थांबल्या. "आणि कमेंडपुढे काहीच नाही?"

"सापडलं नाही. म्हणजे, नुसतं चांगलं म्हणणं नाही ते. कुणाला तरी दुसऱ्याच्या हाती सोपवताना सांगायचं की हे चांगलं आहे, माझ्या शब्दावर घ्या. भलामण म्हणावं, तर तो शब्द दलालांनी खाल्ला."

बाई त्या कोऱ्या जागेकडे बघत राहिल्या. चहा गार होत होता. मला वाटलं, आता उठायला सांगतील. म्हणून मी बाबांचं वाक्य वापरलं.

"विशेषण एकही नको, बाई. काय झालं तेवढं लिहा. असं काही झालंच असेल ना कधी, चार वर्षांत?"

त्यांनी भिंग खाली ठेवलं. मग त्या एका गठ्ठ्याबद्दल बोलल्या.

कुठल्याशा वाचनालयाच्या तळघरात पाणी शिरून भिजलेली हस्तलिखितं आली होती. वाळून त्यांची वीट झालेली. पानं एकमेकांना घट्ट चिकटलेली. धाकटीनं ती थोडा थोडा दमटपणा देत, पानामागून पान सोडवत आणली होती. शेवटची काही पानं राहिली आणि तिनं हात आखडला. शाई समोरच्या पानावर उतरतेय, म्हणाली. इथे थांबू. वाचनालयाची माणसं दारात उभी होती, सगळं उघडून हवं होतं त्यांना. बाई स्वतः पातळ पट्टी घेऊन पुढे झाल्या.

"आणि तिनं गठ्ठ्यावर हात ठेवला," बाई म्हणाल्या. "माझ्या हाताखाली. म्हणाली, आज उघडलं तर अक्षर जाईल. मिटलेलं राहिलं तर पुढे कुणीतरी उघडेल."

"मग?"

"मग काय? बरोबर होतं तिचं. मला राग आला होता, घरी पोचेपर्यंत गेला. सोडवायला पुष्कळांना येतं. कुठे थांबायचं हे शिकवता येत नाही."

"हे तिला सांगितलंत?"

"त्यात सांगायचं काय? आपण बरोबर आहोत हे तिला माहीत होतंच."

"नव्हतं माहीत," मी म्हणाले. "त्या दिवशी ती जेवली नाही. म्हणाली, बाईंचा हात अडवला मी, आता काढून टाकतील. कित्येक आठवडे ती रोज सकाळी जीव मुठीत घेऊन कामावर यायची."

हे मला इतक्या जोरात बोलायचं नव्हतं. बाईंनी पदराच्या टोकानं भिंग पुसलं, खूप वेळ.

"आणि आपण काय म्हणालात तिला?" त्यांनी विचारलं. "त्या दिवशी, घरी?"

मी आठवलं. खरं तेच सांगितलं.

"मी विचारलं, तुमच्यात युनियन आहे का."

बाई हसल्या. अगदी मोकळ्या हसल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, आणि मग मीही. "म्हणजे 'तू चांगलं केलंस' असं म्हणायचं आपल्यालाही नाही सुचलं," त्या म्हणाल्या. आपल्यात, म्हणजे माझ्यात आणि त्यांच्यात, फार अंतर नव्हतं हे दोघींनाही दिसलं. खोटं कौतुक करायचं नाही म्हणून मी जन्मभर दार लावून बसले होते. त्या दारामागे खरं कौतुकही अडकून पडलंय, याचा मी कधी हिशेबच केला नव्हता. जे डोळ्यांनी पाहिलं ते सांगायचं नाही, हा कुठला प्रामाणिकपणा?

बाई उठल्या, दुसरा चहा ठेवला आणि ओट्याकडूनच बोलायला लागल्या. त्यांच्याकडे एक पद्धत आहे. एखादं पान एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जातं, तेव्हा ते हातातून हातात द्यायचं नाही. पाटीवर टिपकागद घालून, त्यावर पान ठेवायचं. देणाऱ्यानं सांगायचं, याला काय झालं होतं, मी काय केलं, कुठे नाजूक आहे, काय करू नका. घेणाऱ्यानं ते सगळं परत म्हणून दाखवायचं. मगच पाटी उचलायची. घाई असली तरी, साहेब उभे असले तरी.

"तुमचा तो कमेंड," बाई म्हणाल्या, "असाच दिसतोय मला. पाटी देण्यासारखा. तसं लिहिता येईल."

मी उठले तेव्हा त्यांनी दारापर्यंत येऊन विचारलं, "तू लिहितेस ना? वर्तमानपत्रात?" अहो-जाहो केव्हा गेलं, कळलंच नव्हतं.

"कधीकधी."

"वाचते मी. चिडलेली असतेस फार." जाळीचं दार लावता लावता त्या म्हणाल्या, "पण मुद्दा असतो."

जिन्यावरून उतरताना मी ते वाक्य मनात दोनदा म्हटलं. बसमध्ये गाडीतळापर्यंत आणखी कितीदा ते सांगत नाही.

सोमवारी धाकटी घरी आली ती पांढरीफटक होऊन.

"बाईंना काय झालंय? खरं सांग. काही आजार वगैरे?"

"का?"

"नवीन लिहिलं त्यांनी. वाचून दाखवलं. ताई, इतकं चांगलं कुणी जिवंत माणसाबद्दल बोलत नाही. शोकसभेत बोलतात. मी तर घाबरलेच."

"काय लिहिलंय?"

तिला सगळं पाठ झालं नव्हतं, मोठं होतं. पण त्यात तो गठ्ठा होता. बाईंचा अडवलेला हात होता, त्या स्वतः चूक करणार होत्या हेसुद्धा होतं. ती किती वेगाने काम करते आणि तिला घाई का करायला लावू नये, तेही होतं. खिडकीजवळ बसवा, उजेड डावीकडून येऊ द्या. बडबड्या माणसाशेजारी बसवू नका. एकही विशेषण नव्हतं म्हणे. आणि शेवटी, गेली चार वर्षं ती माझ्या टेबलाशी आहे, आता मी तिला तुमच्या हाती कमेंड करते.

"वाचून झाल्यावर काय म्हणाल्या?"

"मी तशीच उभी होते. तर म्हणाल्या, बघतेस काय, खळ उकळतेय."

ती हे सांगता सांगता रडायला लागली आणि रडता रडता हसायला. आईला काही कळेना. तिनं सवयीनं रवा काढला.

मी दुसऱ्या दिवशी कमेंडची कोरी जागा भरली. 'आपल्या हातातलं दुसऱ्याच्या हाती देताना ते काय आहे हे नीट सांगणं, आणि त्यामागे आपला शब्द ठेवणं.' संपादक म्हणाले, फार लांब झालंय, 'वाखाणणे' लिहून टाका. मी म्हणाले, नाही लिहिणार. थोडं भांडण झालं. छापलं माझंच.

तिकडून व्हिडिओवर मुलाखत झाली. त्यांनी पहिलाच प्रश्न त्या न उघडलेल्या पानांबद्दल विचारला. धाकटी त्यावर इतकी बोलली, की आम्ही स्वयंपाकघरात कान लावून बसलेले एकमेकांकडे बघत राहिलो. ही एवढं बोलते? त्यानंतर दोन आठवड्यांनी उत्तर आलं. तिची निवड झाली होती.

त्या रविवारी बाबा ओट्यापाशी उभे राहिले. निवृत्त झाल्यापासून त्यांनी पत्रक लिहिलं नव्हतं. आमच्या इमारतीच्या खालच्या फलकावर लावायला एक कागद तयार केला आणि तपासायला माझ्याकडे दिला. काय झालं, कुठे झालं, कुणी केलं, सगळं जागच्या जागी. फक्त पहिल्याच ओळीत होतं, 'आमची गुणी मुलगी'.

मी बाबांकडे बघितलं. ते खिडकीतून बाहेर बघत होते.

"काढायचं असेल तर काढ," ते म्हणाले. "तुला कळतं."

धाकटीनं कागद माझ्या हातातून ओढून घेतला. "गुणी काय, बाबा? मी काय गाय आहे का?"

"मग काय लिहू?"

"कुशल लिहा. 'कुशल'मध्ये काम दिसतं."

"कुशल, अकुशल हे वेतनश्रेणीतले शब्द आहेत," बाबा म्हणाले. "घरच्या माणसाला लावत नाहीत."

"हुशार लिहा की सरळ," आई म्हणाली.

"हुशार तर सगळेच लिहितात. त्या 'ए' विंगमधल्या मुलाचं लावलंय बघ, हुशार आणि होतकरू."

"मग जिद्दी?"

"जिद्दी म्हणजे हट्टी, आई. नको."

बाबांनी खिशातून पेन काढलं, 'गुणी'वर रेघ मारली, वर 'कुशल' लिहिलं, मग तेही खोडलं. मी काहीतरी बोलणार होते, पण धाकटी आणि आई एकदमच बोलायला लागल्या. बाबांनी हात वर केला, सभेत करायचे तसा. आम्ही गप्प झालो नाही. कुकरची शिट्टी झाली, आईनं बोलता बोलताच तो ढालीवर उतरवला, आणि चौघं त्या एका कागदावर वाकून, कुठला शब्द तिला बरोबर बसेल यावर भांडत राहिलो.